दोन पट्ट्या, एक गाणं

टेपरेकॉर्डरचे सेल उतरायला लागले की गाणं रेंगाळायचं आणि गायिकेचा हळूहळू गायक व्हायचा. ज्यांनी हे ऐकलंय त्यांना बीटल्स या इंग्लिश बँडच्या 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर' या गाण्याची करामत अर्धी कळलीच म्हणायची.

24 नोव्हेंबर 1966 ला लंडनच्या ॲबी रोडवरच्या स्टुडिओत या गाण्याचं ध्वनिमुद्रण सुरू झालं. आधी एक शांत, मेलोट्रॉन या कीबोर्डवाद्याच्या सुरावर तरंगणारी आवृत्ती झाली. मग गाणं गाणाऱ्या जॉन लेननला ते वेगळ्या थाटात हवं झालं, म्हणून ट्रम्पेट, चेलो आणि दणकट ढोल घेऊन दुसरी केली. शेवटी त्याला पहिलीची सुरुवात आवडली आणि दुसरीचा पुढचा भाग. जोडून टाका, म्हणाला! निर्माता जॉर्ज मार्टिनपुढे पेच पडला, कारण दोन्हींची लय वेगळी आणि पट्टीही वेगळी.

टेप म्हणजे लोहाच्या ऑक्साइडचा लेप दिलेली प्लास्टिकची फीत. आवाजाच्या लहरी तिच्यावर चुंबकीय खुणांच्या रूपात लांबीभर पसरलेल्या असतात. फीत सावकाश सरकली की त्याच लहरी हेडपुढून, म्हणजे खुणा वाचणाऱ्या भागापुढून, सावकाश जातात. लय उतरते, सूरही उतरतो. वेग साधारण सहा टक्के कमी केला तर सूर अर्ध्या स्वराने खाली येतो. एक बदलायचं आणि दुसरं तसंच ठेवायचं, ही सोय टेपवर नाही.

नेमकी हीच अडचण कामी आली. जलद आवृत्ती वरच्या पट्टीत होती. ती मंद केली, पहिली थोडी जलद केली, आणि लय व सूर दोन्ही एकत्रच जुळत आले. जलद आवृत्ती खालच्या पट्टीत असती तर लय जुळवताना सूर आणखी दूर पळाला असता. हा निव्वळ योगायोग, पण तो हेरायला मार्टिनसारखा कानसेन लागतो.

22 डिसेंबरला ध्वनिमुद्रक जेफ एमरिकने ब्लेडने फीत कापून चिकटवली. पाव इंची फीत सेकंदाला 15 इंच धावते. 45 अंशांत तिरका छेद दिला तर एक आवाज मावळून दुसरा उगवायला जेमतेम सेकंदाचा साठावा भाग मिळतो. एमरिकने छेद आणखी तिरका घेतला. जोड येतो बरोबर एका मिनिटाच्या आसपास. तिथून लेननचा आवाज जड, झोपाळलेला वाटतो, कारण फीत मंदावली की सुराबरोबर घशातले अनुनादही खाली सरकतात. जणू गाणाऱ्याचा गळाच मोठा झाला.

त्यानंतर थोड्याच वेळात तारांची एक सर झर्रकन खाली उतरते. ते आपलं स्वरमंडळ, बीटल्समधल्याच जॉर्ज हॅरिसनने छेडलेलं; तेही मंदावलेलंच. पेटी घेऊन साथ करायला बसलात तर मात्र पंचाईत होईल. गाण्याचा सूर पांढरी सहा आणि काळी पाच यांच्यामधल्या फटीत बसलाय.