भुताचा सिनेमा पाहणं ख्रिस्ती माणसाला पाप आहे का?

बेळगाव-खानापूरकडे वर्षानुवर्षं फिरणारा निरोप: ‘भुताचा सिनेमा पाहणं पाप, बायबलात मनाई आहे.’

घरातलं मराठी बायबल उघडून बघा. त्यातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात, 18:10-12 मध्ये, मनाई आहे ती जादूटोणा करायला, मेलेल्यांना विचारायला जायला. पडद्यावरची गोष्ट पाहणं म्हणजे ते करणं नव्हे. आणि 1 शमुवेल 28 वाचाच: शौल राजा वेश बदलून रात्री भूतविद्येच्या बाईकडे जातो. अंगावर काटा आणणारी ही कथा शास्त्रातच आहे!

मग काहीही पाहावं? तसं नाही. फिलिप्पैकरांस पत्र 4:8 शुद्ध, सत्य गोष्टींचं मनन करायला सांगतं. रोमकरांस पत्र 14 म्हणतं, विश्वासात दुर्बळ असलेल्याला अडखळण होऊ नका. पोरगं रात्री दचकून उठत असेल, तर त्याच्यासमोर असला सिनेमा लावू नये, असं मला मनापासून वाटतं.