शितावरून गाठीची परीक्षा

"लॅबवाल्यांनी घोळ घातलाय, दुसरं काय!" लालबागला मामाच्या अख्ख्या मजल्याने हे ठरवून टाकलं होतं. मामींना चार वर्षांपूर्वी ब्रेस्ट कॅन्सर झाला तेव्हाच्या रिपोर्टात हर-टू (पेशीच्या कडेवरचं एक प्रोटीन, ते भरपूर असलं की पॉझिटिव्ह) निगेटिव्ह, आणि आता लिव्हरमध्ये डाग दिसला म्हणून तिथली बायोप्सी केली तर हर-टू पॉझिटिव्ह. मामा ब्लॉक-स्लाइडची (मेणात जपलेले गाठीचे तुकडे आणि त्यांचे काचेवरचे पातळ काप) प्लास्टिकची पिशवी मांडीवर घेऊन बसलेला. "दोनातला एक रिपोर्ट खोटा असणारच ना रे?"

लॅबच्या चुका होतात, नाही असं नाही, म्हणून तर जुने ब्लॉक रिव्ह्यूला मागवतात. पण दोन्ही रिपोर्ट खरे असू शकतात, आणि हे मामाला समजावताना माझे दोन चहा झाले, म्हटलं लिहूनच काढू.

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळी शितं एकाच पातेल्यात, एकाच पाण्यात, एकाच वेळी शिजतात. गाठीचं तसं नाही. बायोप्सीच्या सुईत येतो तो शेवईच्या तुकड्याएवढा मांसाचा धागा, समजा 2 सेंटीमीटर लांब आणि दीड मिलिमीटर जाड. गाठ 4 सेंटीमीटरची असेल तर हिशोब करून बघा, हा धागा गाठीचा जेमतेम हजारावा भाग येतो. डॉक्टर असे चारपाच धागे घेतात, तरी उरलेल्या गाठीत काय चाललंय ते आपण अंदाजानेच म्हणतो. 2012 मध्ये लंडनच्या संशोधकांनी किडनीच्या गाठींचे वेगवेगळ्या जागचे तुकडे घेऊन डीएनए वाचला, तर साधारण दोन तृतीयांश बदल असे निघाले जे एका तुकड्यात आहेत आणि दुसऱ्यात नाहीतच. एकाच गाठीच्या एका कोपऱ्यात 'बरं होण्याची शक्यता चांगली' अशी खूण आणि दुसऱ्या कोपऱ्यात बरोब्बर उलटी!

हर-टूची स्लाइड मी एकदा ओळखीच्या पॅथॉलॉजिस्ट बाईंच्या मायक्रोस्कोपमधून बघितलीय. पॉझिटिव्ह पेशींना तपकिरी कड येते, कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी असते ना तशी दिसते. बाईंनी स्लाइड नखभर सरकवली आणि जाळी गायब, नुसते निळे ठिपके. पॉझिटिव्ह म्हणायला 10 टक्क्यांहून जास्त पेशींना ती गडद, पूर्ण कड लागते. म्हणजे 'निगेटिव्ह' लिहिलं तरी तिथे एकही पॉझिटिव्ह पेशी नव्हती असा अर्थ होत नाही.

आता खरी गंमत. लोकांना वाटतं औषधामुळे कॅन्सर 'चिडतो' आणि बदलतो. मग औषध आधी की बदल आधी? याचं माझं सगळ्यात लाडकं उत्तर कॅन्सरमधलं नाहीच, बॅक्टेरियामधलं आहे. 1943 साली लुरिया आणि डेलब्रुक या दोन संशोधकांनी अमेरिकेत एक प्रयोग छापला. लुरियाला कल्पना सुचली ती म्हणे एका पार्टीत, नाणं टाकायच्या जुगाराच्या मशीनकडे बघताना. आपल्याकडे असता तर मटक्यावरून सुचली असती. त्याने 20 वेगळ्या नळ्यांत थोडेथोडे बॅक्टेरिया वाढवले आणि मग प्रत्येक नळीतले बॅक्टेरिया त्यांना मारणाऱ्या व्हायरसच्या ताटलीत ओतले. आता विचार करा, व्हायरस बघून जर काही बॅक्टेरिया 'शिकत' असतील तर प्रत्येक नळीतून थोड्याफार फरकाने सारखेच वाचायला हवेत, कारण परीक्षा सगळ्यांची एकाच वेळी चालू झाली. पण बदल आधीच, आपोआप, केव्हाही होत असेल, तर ज्या नळीत तो लवकर झाला तिथे त्या एका पेशीची मुलं-नातवंडं-पणतवंडं मिळून मोठं खानदान तयार असणार, आणि जिथे झालाच नाही तिथे शून्य. निकाल काय आला? 20 पैकी 11 नळ्यांत शून्य, काहींत पाच-सहा, एकीत 64 आणि एकीत 107! सरासरी काढली तर अकराच्या आसपास, पण खुद्द अकराच्या जवळपास एकही नळी नाही. (आकडेशास्त्रवाले म्हणतील की व्हेरियन्स, म्हणजे आकड्यांचा विखुरलेपणा, सरासरीच्या कितीतरी पट जास्त आला. तेच ते, नाही कळलं तर सोडून द्या.) म्हणजे व्हायरसने बदल घडवला नाही, आधीच बदललेले तेवढे शिल्लक ठेवले.

हेच गाठीला लावा. पेशी दुभंगताना डीएनएची सुमारे 600 कोटी अक्षरं (300 कोटींच्या दोन प्रती) नकलते आणि दर वेळी दोनचार चुका राहतात, कॅन्सरमध्ये बऱ्याचदा जास्तच. एक सेंटीमीटरच्या गाठीत साधारण 100 कोटी पेशी धरतात. गुणाकार केलात तर बरीचशी अक्षरं कुठल्या ना कुठल्या पेशीत बदललेली सापडतील, पहिली गोळी पोटात जायच्या आधीच. फुप्फुसाच्या एका प्रकारच्या कॅन्सरमध्ये जेफिटिनिबची गोळी सुरुवातीला झकास चालते, मग साधारण वर्षभरात बऱ्याच जणांचा आजार उलटतो, आणि अशा निम्म्याहून जास्त पेशंटमध्ये ईजीएफआर या प्रोटीनच्या (ही गोळी ज्याला अडवते तेच) 790 व्या जागेवर तोच एक बदल सापडतो. त्यावर ओसिमर्टिनिब हे नवं औषध आलं, 2015 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, तर काही पेशंटमध्ये 797 व्या जागेवर नवा बदल. सगळं आधीपासूनच असतं असंही नाही हं, काही पेशी औषध चालू असताना नुसत्या दबून बसतात आणि बदल नंतर होतो.

म्हणूनच औषधं जोडीने देतात. मुंबईत हे टीबीवरून कुणालाही कळेल, सुरुवातीला चार औषधं एकदम का देतात? दहा लाखांत एक पेशी एका औषधाला दाद देत नसेल, आणि दुसऱ्यालाही तेवढीच, तर दोन्हींना दाद न देणारी लाख कोटींत एक. लहान मुलांच्या ल्युकेमियात 1960 च्या दशकात हाच हिशोब कामी आला.

आणि हो, मजल्यावरच्या एका काकूंचं म्हणणं, सुई टोचली म्हणूनच पसरला. सुईच्या वाटेने पेशी सांडणं फार क्वचित होतं आणि सुई कुठून घालायची याचा विचार डॉक्टर आधी करतात, पण त्या भीतीने बायोप्सी टाळणारे कितीतरी आहेत. दुसरे हळद-कडुनिंबवाले. 2024 मध्ये असाच एक दावा देशभर फिरला तेव्हा टाटा मेमोरियलच्या 262 आजी-माजी डॉक्टरांना पत्रक काढून सांगावं लागलं की बाबांनो, याला पुरावा नाही. शंभर कोटी वेगवेगळ्या पेशींवर एकच लिंबू पिळून कसं चालेल?

मामींचे जुने ब्लॉक परत तपासले, तेव्हाही निगेटिव्हच आले. आता ट्रॅस्टुझुमॅब, म्हणजे हर-टूवरचं औषध, चालू झालंय. मामा जुना रिपोर्ट फाडायला निघाला होता, डॉक्टरांनी थांबवलं, म्हणाल्या दोन्ही एकाच फाइलमध्ये लावा, तारखेप्रमाणे.