मेसोपोटेमिया मोहीम : सरकत गेलेले उद्दिष्ट (१९१४–१६)

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हिंदुस्थानच्या फौजेने तुर्कांविरुद्ध आजच्या इराकमध्ये चालवलेली मोहीम. थांबायचे कुठे हे कधीच ठरले नव्हते, आणि तिच्या पहिल्या दोन वर्षांतील वाताहतीचे मूळ त्यातच आहे.

सुरुवातीचे काम मर्यादित होते : अबादानचा तेलशुद्धीकरण कारखाना आणि इराणी आखाताचे तोंड सांभाळणे. सहाव्या पुणे डिव्हिजनची एक ब्रिगेड मुंबईहून निघून ६ नोव्हेंबर १९१४ रोजी फाओला उतरली. महिना संपण्याआधी बसरा हाती आले. मग बसऱ्याच्या रक्षणासाठी कुर्ना हवे झाले, त्यानंतर अमारा, नासिरिया. आणि नासिरिया टिकवायचे तर तैग्रिस नदीवरचे कूत घेतलेच पाहिजे, असे ठरले. प्रत्येक पाऊल आधीच्या पावलाच्या बचावासाठी होते. नदीतल्या बोटी मात्र तेवढ्याच राहिल्या. रेल्वे नव्हती, धड रस्ते नव्हते. धान्य, दारूगोळा, जखमी, सगळे तैग्रिसच्या पाण्यावरूनच न्यायचे होते.

हुकूम सिमल्याहून सुटत, धोरण लंडनमध्ये ठरे. एप्रिल १९१५ मध्ये सूत्रे घेणाऱ्या जनरल निक्सनला हिंदुस्थानच्या सरसेनापतींनी बगदादवर चढाईची योजना तयार ठेवायला सांगितले, आणि लंडनला त्याचा पत्ता नव्हता. आघाडीवरचा जनरल टाउनशेंड एवढ्या तुटपुंज्या बळावर पुढे जाण्याच्या विरुद्ध होता. पण तुर्कांविरुद्धच्या गॅलिपोलीच्या फसलेल्या मोहिमेत हात पोळलेल्या ब्रिटिश मंत्रिमंडळाला विजय हवा होता. ऑक्टोबरमध्ये तार आली : आपले सैन्य पुरेसे आहे अशी निक्सनची खात्री असेल तर त्याने बगदादवर कूच करावे. माझ्या मते साऱ्या मोहिमेचा दोष या ‘असेल तर’मध्ये एकवटला आहे, परवानगी मिळाली, जबाबदारी कोणीच घेतली नाही.

नोव्हेंबरअखेर बगदादजवळच्या टेसिफोनच्या लढाईत सुमारे साडेचार हजार माणसे मारली गेली वा जखमी झाली. जखमींना उघड्या बोटींत दाटीवाटीने कोंबून बसऱ्याला आणले. तिथल्या रुग्णालय-जहाजावरचे मेजर कार्टर यांना दुरून एका बोटीच्या कडांवरून दोरखंड लोंबत असल्यासारखे दिसले. जवळ आल्यावर कळले, ती वाळलेली विष्ठा होती. हगवणीने पिडलेल्या माणसांना कठड्यापर्यंतही सरकता आले नव्हते. हे त्यांनी वरिष्ठांच्या कानावर घातले, तेव्हा त्यांनाच अटकेची धमकी मिळाली.

टाउनशेंड मागे हटून कूतमध्ये अडकला. वेढा १४७ दिवस चालला. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी आत होत्या. घोड्याचे मांस खायला हिंदी शिपाई बराच काळ तयार नव्हते. धर्मगुरूंची परवानगी हिंदुस्थानातून तारेने मागवावी लागली. कूतमध्ये अडकलेल्यांना सोडवायला निघालेल्या फौजेचे सुमारे तेवीस हजार लोक मेले वा जखमी झाले, वेढ्यात असलेल्यांपेक्षाही अधिक. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजारांनी शरणागती पत्करली. वाळवंटातून पायी हाकललेले हजारो कैदी परतलेच नाहीत. टाउनशेंडने मात्र इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात कैद काढली. सातारा भागातील काही गावांत आजही या महायुद्धाला किती माणसे गेली आणि किती कामी आली, एवढे सांगणारी दगडी पाटी दिसते. नावे तिच्यावर नाहीत.

फेब्रुवारी १९१६ मध्येच मोहीम लंडनच्या युद्धखात्याने हाती घेतली होती. नवा सेनापती जनरल मॉड याने आधी बसऱ्याचे धक्के, बोटी आणि रुळांची सोय करून घेतली, मग हालचाल केली. ११ मार्च १९१७ रोजी बगदाद पडले. त्याच वर्षी चौकशी आयोगाचा अहवाल आला आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला.