फायबर काँक्रीटच्या रस्त्यांची हिमरोधकता

पोलाद, पॉलिप्रॉपिलीन, काच किंवा बेसाल्ट यांचे आखूड तंतू मिसळून केलेल्या काँक्रीट रस्त्याची, ओल्या स्थितीत वारंवार गोठून-वितळूनही ताकद, आकार आणि पृष्ठभाग टिकवून धरण्याची क्षमता. ही क्षमता तंतूंमुळेच येते असा समज सर्रास आढळतो. तो फार तर अर्धा खरा आहे. गोठण्याचा मारा सोसण्याचे मुख्य काम काँक्रीटमधले हवेचे सूक्ष्म बुडबुडे करतात. तरीही चीर पडलीच, तर ती रुंदावू न देण्याचे काम तंतू करतात. बुडबुडे कमी आहेत म्हणून तंतू वाढवले, असे केल्याने काही साधत नाही.

नुकसान का होते : पाण्याचा बर्फ होताना आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. घट्ट झालेल्या सिमेंटच्या लगद्यातली केशिकाछिद्रे (पाण्याने मागे ठेवलेल्या अतिसूक्ष्म पोकळ्या) जवळपास तुडुंब भरलेली असतील, तर बर्फाला पसरायला जागा उरत नाही. काँक्रीट-संशोधक टी. सी. पॉवर्स यांनी १९४५मध्ये मांडले, की वाढता बर्फ उरलेले पाणी पुढे रेटतो आणि त्या दाबाने लगदा फाटतो. पुढे १९५३मध्ये पॉवर्स आणि हेल्मुथ यांनी बारीक छिद्रांतले न गोठलेले पाणी बर्फाकडे ओढले जाते, याकडे लक्ष वेधले. दोन्ही क्रियांवर उतारा एकच : पाण्याला शिरता येईल अशी रिकामी जागा हाकेच्या अंतरावर हवी. म्हणून लगद्यातल्या कोणत्याही बिंदूपासून जवळचा बुडबुडा साधारण ०.२० मिमीच्या आत असावा, असा दंडक आहे. रस्त्याचा स्लॅब या बाबतीत दुर्दैवी. तो आडवा असल्याने वरून बर्फ वितळून मुरतो, खालून ओल चढते आणि सांध्यांत पाणी साचून राहते.

हवेचा हा उपयोग तसा अपघातानेच कळला. १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या ईशान्य भागातले काही काँक्रीट रस्ते इतरांपेक्षा हिवाळे चांगले काढतात असे दिसले. शोध घेतल्यावर कळले, की त्यांचे सिमेंट दळताना चरबीसारखे पदार्थ वापरले होते आणि त्यामुळे काँक्रीटमध्ये बारीक फेस धरला गेला होता.

तंतूंचे काम : पोलादी तंतू साधारण ३० ते ६० मिमी लांबीचे असतात आणि घनमीटरला २० ते ४० किलो घालतात. जाड कृत्रिम तंतू ४० ते ५५ मिमीचे, घनमीटरला २ ते ६ किलो. केसासारखे बारीक पॉलिप्रॉपिलीन तंतू ६ ते १९ मिमीचे, जेमतेम ०.६ ते ०.९ किलो. बारीक तंतूंचा खरा लाभ पहिल्या काही तासांत मिळतो. ओल्या काँक्रीटला वाऱ्या-उन्हाने पडणाऱ्या आकुंचनाच्या चिरा ते रोखतात, आणि तेवढे पाणी शिरण्याचे मार्ग कमी होतात. पोलादी व जाड कृत्रिम तंतू चीर पडल्यानंतर कामाला लागतात : तिच्या दोन्ही कडा धरून ठेवतात, त्यामुळे चिरेत मावणारे पाणी आणि पुढच्या गोठण्यातली तिची वाढ दोन्ही कमी राहतात. मात्र हवा नसलेले काँक्रीट भिजून गोठले, तर तंतू असूनही ते आतून फुटते. फरक एवढाच, की तुकडे विखुरत नाहीत.

काचेचे तंतू वापरायचे तर झिर्कोनियायुक्त, अल्कली सोसणारेच हवेत. साधी काच सिमेंटच्या अल्कलीत झिजते. बेसाल्टलाही हीच शंका लागू आहे. पृष्ठभागालगतचे पोलादी तंतू गंजून तांबूस ठिपके दिसतात. आत, चीर नसलेल्या काँक्रीटमधले तंतू सहसा सुरक्षित राहतात. उघड्या चिरेतले मात्र बारीक होत जातात.

मिश्रण : २० मिमी खडी, तीव्र थंडी आणि ओल असेल तर एकूण हवा ६ टक्क्यांच्या आसपास ठेवतात, पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५पेक्षा जास्त नको, मीठ टाकले जाणार असेल तर त्याहून कमी. हवेच्या प्रत्येक जादा टक्क्यामागे दाबाची ताकद ढोबळमानाने ५ टक्क्यांनी घटते. हे गणित डिझाइनमध्येच धरावे. ताकद भरत नाही म्हणून जागेवर हवा कापू नये. सिमेंटबरोबर मिसळलेल्या फ्लाय ॲशमध्ये (कोळशाच्या बारीक राखेत) न जळलेला कार्बन असला, तर तो हवा धरणारे रसायन शोषून घेतो. अशा वेळी कालचाच डोस आज कमी पडतो.

तंतूंनी इथे नवी अडचण येते. ते मिसळले की काँक्रीट घट्ट भासते, स्लम्प (ओल्या काँक्रीटच्या सैलपणाचे माप) घसरतो आणि ट्रकमागचा माणूस पाण्याच्या नळीकडे हात नेतो. त्या पाण्याने केशिकाछिद्रे वाढतात आणि सगळी मेहनत वाया जाते. उपाय सुपरप्लास्टिसायझर, म्हणजे पाणी न वाढवता काँक्रीट सैल करणारे रसायन, पण त्याच्या काही पॉलिकार्बोक्झिलेट जातींमुळे बुडबुडे मोठे आणि विरळ होतात. शिवाय तंतूंच्या जाळ्यात हवेच्या मोठ्या पोकळ्या अडकतात. ओल्या काँक्रीटमधली हवा मोजणारा दाबमापक त्याही मोजतो. आकडा ६ टक्के दाखवतो आणि प्रत्यक्षात उपयोगी बारीक बुडबुडे कमीच असतात. म्हणून नव्या तंतूची आणि रसायनांची जोडी ठरवताना घट्ट झालेल्या नमुन्याचा काप घासून, सूक्ष्मदर्शकाखाली बुडबुड्यांमधले अंतर मोजणे टाळू नये.

तंतू रिकाम्या मिक्सरमध्ये आधी टाकले किंवा अख्खे पोते एकदम ओतले, तर त्यांचे गोळे बनतात. खडीबरोबर अथवा ओल्या मिश्रणात हळूहळू सोडावेत आणि शेवटचा तंतू पडल्यावर चार-पाच मिनिटे पूर्ण वेगाने फिरवावे. गोळा राहिला, तर त्याच्या पोटात लगदा नसतो. ती जागा पाणी साठवते आणि पहिल्याच हिवाळ्यात वरची खपली उडते.

पेव्हरमधून (काँक्रीट पसरवून दाबणाऱ्या यंत्रातून) जाताना हवा आणखी घटते, म्हणून नमुना मिक्सरशी नव्हे तर पेव्हरच्या मागे घ्यावा. व्हायब्रेटर मिनिटाला साधारण ५,००० ते ८,००० कंपनांच्या दरम्यान चालवतात. पेव्हर थांबलेला असतानाही ते चालू राहिले, किंवा वेग फार वाढवला, तर त्यांच्या वाटेवर लांबच लांब पट्टे पडतात, तिथली हवा उडालेली असते आणि काही वर्षांनी त्याच रेषांत चिरा उगवतात. पृष्ठभाग गुळगुळीत करायला पाणी शिंपडणे सर्वांत वाईट. वरचे दोन-तीन मिलिमीटर कमजोर होतात, आणि मीठ नेमके तिथेच हल्ला करते. ओले गोणपाट ओढून खरखरीतपणा देताना तंतू उपटले जात असतील, तर काँक्रीटला थोडे आणखी आवळू द्यावे.

मीठ : बर्फ वितळवायला टाकलेल्या मिठाने पृष्ठभागाचे पापुद्रे सुटतात. सुमारे ३ टक्क्यांचे सौम्य द्रावण सर्वांत घातक ठरते, तीव्र द्रावण तितके नाही. पापुद्रा काही मिलिमीटरच जाड असतो. त्यात तंतूला घट्ट रुतायला लांबीच मिळत नाही, म्हणून या नुकसानीवर तंतूंचा उपयोग फारसा नाही. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम क्लोराइडचा आणखी एक दोष : ते सिमेंटमधल्या कॅल्शियम हायड्रॉक्साइडशी संयोग पावून ऑक्सिक्लोराइड बनवतात, तेही शून्य अंशांच्या वर. सांध्यांच्या कडा ढासळण्यामागे हे बऱ्याचदा असते. मिश्रणात स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली दळलेली मळी) किंवा फ्लाय ॲश वापरल्याने ते कमी होते.

चाचण्या : एएसटीएम सी ६६६ या अमेरिकी प्रमाण चाचणीच्या पहिल्या पद्धतीत नमुना पाण्यातच ४ ते −१८ अंश सेल्सिअसदरम्यान ३०० वेळा गोठवून वितळवतात. गतिक स्थितिस्थापकता (कंपनांवरून मोजलेला ताठपणा) मूळच्या ६० टक्क्यांवर आली की चाचणी थांबवतात. मिठाने होणारी झीज मोजणाऱ्या सीडीएफ पद्धतीत ३ टक्के मिठाच्या द्रावणात २८ फेऱ्या होतात, आणि चौरस मीटरमागे १,५०० ग्रॅमपर्यंतची झीज चालते. फायबर काँक्रीटचे नुसते वजन मोजू नये. तंतू तुकडे धरून ठेवतात आणि आतल्या चिरा पाणी पितात, त्यामुळे खिळखिळा झालेला नमुना वजनाने वाढलेलाही निघतो. फेऱ्यांआधी आणि नंतर ईएन १४६५१ या युरोपीय मानकाप्रमाणे खाच पाडलेल्या तुळईची उर्वरित (चीर पडल्यावर उरणारी) वाकताकद तपासली, तर तंतूंची पकड किती उरली ते कळते. लहान साच्यात ६० मिमीचे तंतू भिंतीला समांतर बसतात आणि निकाल प्रत्यक्षापेक्षा चांगला दिसतो, हेही ध्यानात ठेवावे.

तंतूंच्या आवाक्याबाहेरचे : पाणी धरणाऱ्या सच्छिद्र खडीमुळे सांध्यांलगत पडणाऱ्या चिरा खडी बदलल्याशिवाय थांबत नाहीत. खालच्या गाळयुक्त मातीत बर्फाचे थर वाढून स्लॅब उचलला जातो. त्यावर निचऱ्याचा थर आणि न फुगणारा भराव हाच उपाय. जुन्या डांबरावर टाकलेल्या पातळ फायबर थराखाली पाणी अडकले, तर तेही गोठून थर सुटतो.

पहिली थंडी : नवे काँक्रीट एकदाच गोठणार असेल, तर त्याआधी त्याची ताकद निदान ३.५ मेगापास्कल हवी. भिजून वारंवार गोठणार असेल, तर सुमारे २४. भरपूर क्युरिंगनंतर (ओले ठेवून मुरवल्यानंतर) मीठ पडण्यापूर्वी महिनाभर स्लॅब कोरडा होऊ द्यावा. शरद ऋतूच्या शेवटी घाईने ओतलेल्या तुकड्यांना ही मुदत मिळत नाही, म्हणून पहिल्या हिवाळ्यात तिथे मिठाऐवजी वाळू टाकतात.