पाच वाट्या पॉपकॉर्न, एक पोळी

पॉपकॉर्नचे २५ ग्रॅम दाणे म्हणजे जेमतेम दोन मोठे चमचे. ते कढईत फोडले की तीन कपांच्या आसपास पॉपकॉर्न होतात, आमटीच्या वाटीने मोजले तर चार-पाच वाट्या. ताटलीत चांगला ढीग दिसतो. त्या ढिगात कार्बोहायड्रेट असतात १७-१८ ग्रॅम. घरच्या एका मध्यम पोळीत असतात वीसेक. मधुमेह असलेल्याने पॉपकॉर्न खावेत का, याचं निम्मं उत्तर या दोन आकड्यांत आलं. उरलेलं निम्मं जरा किचकट आहे, आणि आपल्या घरांमध्ये ते बऱ्याचदा उलटं समजलं जातं.

समज असा की लाह्या हलक्या. आजारी माणसाला साळीच्या लाह्या द्यायच्या, नागपंचमीला ज्वारीच्या, लक्ष्मीपूजनाला बत्ताश्यांबरोबर पुन्हा साळीच्या. त्यामुळे घरात कुणाची शुगर वाढलेली निघाली की चारच्या चहाबरोबरची खारी, बाकरवडी आणि तळलेला चिवडा बंद होतो, आणि त्याच डब्यात मुरमुरे नाहीतर लाह्या येऊन बसतात. मग काका टीव्हीसमोर अख्खं पातेलं संपवतात, कारण ‘त्यात काय असतंय, नुसती हवा!’ हवा असते हे खरंच. पण पोटाला हलकं याचा अर्थ लवकर पचणारं, आणि लवकर पचणारा स्टार्च साखर होऊन रक्तातही लवकर उतरतो. आजाऱ्याला जो गुण मानवतो तोच मधुमेह्याला अडचणीचा ठरतो.

हे का होतं ते दाण्याच्या आत डोकावलं की कळतं. पॉपकॉर्नचा मका आणि पावसाळ्यात सिंहगडावर लिंबू-मीठ चोळून मिळणारं कणीस यांची जात वेगळी. पॉपकॉर्नचा दाणा लहान, टणक, आणि त्याची साल घट्ट. आत सुमारे १४ टक्के पाणी असतं. कढई तापली की या पाण्याची वाफ होऊ बघते, पण साल तिला बाहेर पडू देत नाही. थोडक्यात, शिट्टी नसलेला प्रेशर कुकर. आपल्या कुकरात दाब बाहेरच्या हवेच्या दुपटीपर्यंत जातो. या एवढ्याशा दाण्यात तो नऊपटीच्या घरात पोचतो. त्या दाबाखाली आतला स्टार्च शिजून लगदा होतो. तापमान १८० अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं की साल फाटते, दाब एका झटक्यात उतरतो, वाफ प्रसरण पावते आणि लगद्याचा फेस होऊन तो तिथल्या तिथे कडक होतो. फ्रान्समधल्या इकोल पॉलिटेक्निकच्या दोन संशोधकांनी २०१५ साली हा सगळा प्रकार वेगवान कॅमेऱ्याने टिपला. त्यात दिसलं की फुटताना स्टार्चचा एक पाय आधी बाहेर येतो, तो भांड्याच्या बुडावर दाबला जातो आणि दाणा त्याच्या जोरावर उडी मारतो. ‘फट्’ हा आवाज साल फाटल्याचा वाटतो, पण त्यांच्या मते तो कोंडलेली वाफ सुटल्याचा असतो.

मधुमेह्याच्या दृष्टीने यातला कळीचा भाग म्हणजे तो फेस. कच्च्या दाण्यातला स्टार्च घट्ट कणांमध्ये बांधलेला असतो. लाहीत तो पूर्ण शिजलेला, विरळ आणि पातळ पापुद्र्यांचा होतो. लाळेतली आणि आतड्यातली पाचक विकरं त्यावर चारही बाजूंनी तुटून पडतात.

किती वेगाने, हे मोजायची पद्धत टोरांटोच्या डेव्हिड जेन्किन्स यांनी १९८१ साली मांडली. ग्लायसेमिक इंडेक्स ती हीच. शुद्ध ग्लुकोज १०० धरायचा आणि त्याच्या तुलनेत इतर पदार्थ रक्तातली साखर किती चढवतात ते बघायचं. पॉपकॉर्नचा आकडा वेगवेगळ्या चाचण्यांत ५५ ते ७२ आलेला आहे. बहुतेक तक्त्यांत ६५ सापडतो. म्हणजे मध्यम. उकडलेल्या हरभऱ्याचा तिशीच्या आसपास असतो, तांदळाच्या फुगवलेल्या पदार्थांचा बऱ्याचदा ८० च्या पुढे. मका आणि तांदूळ दोन्ही फुगवलेलेच, तरी मक्याचा आकडा खाली राहतो. त्यामागचं एक कारण सालीत आहे. दातात अडकून वैताग आणणारं ते तांबूस टरफल म्हणजे मक्याचा कोंडा. पॉपकॉर्न हे सबंध धान्य आहे, त्यातलं काही काढून टाकलेलं नाही. शंभर ग्रॅममध्ये १४ ग्रॅमच्या पुढे तंतू असतात. मुरमुरे सडलेल्या तांदळाचे, त्यांचा कोंडा गिरणीतच गेलेला असतो.

पण नुसता इंडेक्स बघून पदार्थ ठरवणं मला अर्धवट वाटतं. तो वेग सांगतो, ऐवज सांगत नाही. दोन्ही एकत्र बघायचे तर इंडेक्सला प्रत्यक्ष खाल्लेल्या, तंतू वजा केलेल्या कार्बोहायड्रेटच्या ग्रॅमने गुणायचं आणि शंभराने भागायचं. याला ग्लायसेमिक लोड म्हणतात. दहापर्यंत कमी, विसाच्या पुढे जास्त. वरच्या चार-पाच वाट्यांचा लोड येतो नऊच्या आसपास. म्हणजे पॉपकॉर्नचं सगळं गणित वजनावर आहे, आणि डोळ्यांना वजन दिसत नाही, आकारमान दिसतं. घरी ही फसगत आपल्या पथ्यावर पडते: वाडगा भरलेला दिसतो, चावायला वेळ लागतो, हात-तोंड गुंतून राहतं आणि पोटात गेलेलं असतं एका पोळीइतकं.

मल्टिप्लेक्समध्ये तीच फसगत उलटते. मांडीवरच्या टबात तेलात फोडलेले १०० ग्रॅम पॉपकॉर्न असतील तर त्यात सुमारे ५७ ग्रॅम कार्बोहायड्रेट, २८ ग्रॅम चरबी आणि ५०० कॅलरी धरा. जवळजवळ तीन पोळ्या आणि वर सहा चमचे तेल. तीन पोळ्या कुणी अंधारात न मोजता खात नाही. वर बटर, त्यावर मीठ. मिठाचा मुद्दा मधुमेह्याने हसण्यावारी नेऊ नये, कारण रक्तदाब बहुधा सोबतीला असतोच. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅम मिठाची आहे, आणि त्यात सकाळचे पोहे, दुपारची आमटी आणि लोणचंही येतं.

बटरचा आणखी एक उपद्व्याप आहे. चरबीमुळे जठर रिकामं व्हायला वेळ लागतो. खाल्ल्यावर दोन तासांनी ग्लुकोमीटर लावला तर आकडा झकास दिसतो, माणूस खूश होतो, आणि साखर चढते त्यानंतर, तिसऱ्या-चौथ्या तासाला. रात्रीचा शो असेल तर तोवर झोप लागलेली असते आणि सकाळच्या उपाशीपोटीच्या आकड्याचं खापर गोळीवर फुटतं.

कॅरॅमल पॉपकॉर्नबद्दल फार लिहायची गरज नाही; तो साखरेच्या पाकात घोळलेला मका आहे. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरच्या बैठकीत जीएसटी परिषदेने खुलासा केला की तेव्हाच्या दरांनुसार मीठ-मसाल्याच्या सुट्या पॉपकॉर्नवर ५ टक्के कर, पाकीटबंद आणि नाव छापलेला असेल तर १२ आणि कॅरॅमलवर १८, कारण साखर आली की ती मिठाई. त्यावर केवढे विनोद झाले! मीही हसलो होतो. पण स्वादुपिंडाला विचाराल तर वर्गवारी अगदी रास्त होती.

आता पुण्याचा संबंध. इथल्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांच्यासोबत २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच एक फोटो छापला. दोघे शेजारी उभे, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, तंतोतंत २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२. दिसायला सडपातळ, आतून चरबीदार असा हा भारतीय बांधा, आणि तो जन्मापासूनचा असतो, हे याज्ञिकांच्या गटाने पुण्याच्या आसपासच्या गावांतल्या बाळांवर केलेल्या अभ्यासातून पुढे आलं. तिथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५, तरी चरबीच्या बाबतीत आपली बाळं फारशी मागे नव्हती, मागे होती ती स्नायूंच्या बाबतीत. जेवणानंतरची साखर सर्वांत जास्त उचलतात ते स्नायू. म्हणून ‘माझं तर वजनच नाही, मला काय होतंय’ म्हणणाऱ्या काटक पुणेकरालाही पाच वाट्या आणि पंधरा वाट्या यांतला फरक जाणवतो. परदेशी तक्त्यातला ६५ हा आकडाही त्याच्या शरीरात तसाच्या तसा उतरेल असं नाही.

स्नायूंचा विषय निघालाच आहे तर थिएटरातल्या खुर्चीचाही काढू. चालताना आकुंचन पावणारे स्नायू इन्सुलिनची फार वाट न बघता ग्लुकोज ओढून घेतात. तीन तास खुर्चीत रुतून बसलं की ही सोय बंद. ऑस्ट्रेलियात २०१२ साली झालेल्या एका प्रयोगात, सलग बसण्याऐवजी दर वीस मिनिटांनी दोन मिनिटं हळू चालणाऱ्यांची जेवणानंतरची साखर स्पष्टपणे कमी चढली. सिनेमात दर वीस मिनिटांनी उठलात तर मागच्या रांगेतून काय ऐकू येईल ते पुण्यात वेगळं सांगायला नको. मध्यंतर मात्र आपलं असतं. ते काउंटरच्या रांगेत उभं राहून घालवण्यापेक्षा जिन्याने खाली-वर करण्यात घालवावं, आणि पॉपकॉर्न घ्यायचेच तर लहान पाकीट, बिनबटरचं, दोघांत.

घरी करणं मात्र खरोखर सोपं आहे. जाड बुडाची कढई, एक चहाचा चमचा तेल, आधी तीनच दाणे. ते फुटले की बाकीचे टाकायचे आणि झाकण ठेवायचं, पण किंचित तिरकं. पूर्ण बंद केलं की वाफ आतच राहते आणि पॉपकॉर्न चिवट होतात. दोन फटाक्यांमध्ये दोन सेकंदांचं अंतर पडू लागलं की गॅस बंद. तळाला गणंग, म्हणजे न फुटलेले दाणे, राहतातच. साल कुठेतरी तडकलेली असते, वाफ कोंडतच नाही, दाणा नुसता भाजून निघतो. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत डबा सैल राहिला तर गणंग वाढतात, कारण ते चौदा टक्के पाणी उडून जातं. अशा वेळी बरणीत चमचाभर पाणी घालून हलवायचं आणि झाकण घट्ट लावून दोन-तीन दिवस ठेवायचं. बरेचसे दाणे पुन्हा कामाला येतात.

मीठ मिक्सरमध्ये पिठासारखं बारीक करून घ्या. जाड मीठ कोरड्या लाहीवरून घसरून तळाला जातं, मग आपण आणखी घालतो. बारीक मीठ चिकटतं आणि निम्म्यात भागतं. माझी पसंती मेतकुटाला: तेलाच्या पुसटशा ओलाव्यावर ते छान बसतं आणि डाळींमुळे चवीला अंग येतं. कारळ्याची चटणीही चालते. लिंबू पिळू नका, लगदा होईल. पोषणाच्या दृष्टीने मूठभर फुटाणे किंवा शेंगदाणे सोबत असणं उत्तम. त्यातल्या प्रथिनांनी साखरेची चढण मंदावते आणि पॉपकॉर्नची भूकही आटोक्यात राहते. नुसते फुटाणे आणि नुसते पॉपकॉर्न यांत निवड करायची झाली तर मधुमेह्यासाठी मी फुटाण्यांच्या बाजूने आहे. पण खारी आणि पॉपकॉर्न यांत विचाराल तर मैदा आणि वनस्पती तुपासमोर मका केव्हाही बरा.

विकतच्या पाकिटावर पुढे काय छापलंय ते सोडा, मागे वाचा. चीज किंवा टोमॅटो चवीच्या भुकटीत बऱ्याचदा माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चपासून केलेली पूड, असतं. ते गोड लागत नाही, पण रक्तात ग्लुकोजच्याच वेगाने उतरतं. ‘साखर घातलेली नाही’ हे पाकीट त्याही परिस्थितीत खरंच बोलत असतं.

आपल्याला किती चालतात हे ठरवायला ग्लुकोमीटरइतका भरवशाचा सल्लागार नाही. खाण्याआधी एकदा, पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी एकदा, आणि बटर असेल तर चौथ्या तासालाही. दोन तासांनंतरचा आकडा १८० च्या आत राहावा असं सर्वसाधारण उद्दिष्ट असतं. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं दिलं असेल तर ते धरा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी हे कार्बोहायड्रेट हिशेबात धरावेत, ‘चघळायला घेतलं होतं’ म्हणून सोडून देऊ नयेत.

काहींनी मात्र जपून. जुन्या मधुमेहात कधीकधी जठराच्या नसा मंदावतात, थोडं खाल्लं तरी पोट गच्च वाटतं, मळमळतं. अशांना इतका तंतुमय आणि टरफलाचा पदार्थ सोसत नाही. हिरड्या सुजलेल्या असतील तर टरफल त्यांत रुतून बसतं, आणि साखर वाढलेली असताना हिरडी लवकर बरी होत नाही. खाऊन झाल्यावर खळखळून चूळ भरावी. आणि हात थरथरतायत, घाम सुटलाय, मीटरवर ७० च्या खालचा आकडा आहे, अशा वेळी समोर पॉपकॉर्नचा वाडगा असला तरी तो बाजूला सारून तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून घ्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावं आणि आकडा वर आला नसेल तर तेवढीच साखर पुन्हा घ्यावी.