आज गळणारा केस तीन महिन्यांपूर्वीच सुटलेला असतो

कंगव्यात केसांचा पुंजका दिसला की पहिला संशय तेलावर जातो, नाहीतर शाम्पूवर, नाहीतर पाण्यावर. सांगली जिल्ह्यात पाण्यावर खापर फोडणं तर फारच सोपं. जत-आटपाडीकडच्या बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, हे तिथल्या घराघरांत माहीत आहे. मग कुणी तेल बदलतं, कुणी मेथी भिजवून वाटून लावतं, कुणी कांद्याचा रस चोळतं. तीन महिन्यांपूर्वी काय झालं होतं, हा प्रश्न मात्र सहसा कुणी विचारत नाही. माझ्या मते सुरुवात तिथूनच करायला हवी.

माणसाच्या डोक्यावर साधारण 1 लाख केस असतात. प्रत्येक केस त्वचेतल्या एका बारीक पिशवीतून, म्हणजे केशकूपातून, वर येतो. दिसणारा केस निर्जीव असतो, जिवंत असतं ते खाली दडलेलं मूळ. हे मूळ 2 ते 6 वर्षं काम करतं आणि महिन्याला सुमारे 1 सेंटिमीटर केस बाहेर ढकलतं. मग दोन-तीन आठवड्यांत ते आक्रसतं आणि पुढचे साधारण तीन महिने विश्रांती घेतं. या काळात केस जागेवरच असतो, पण त्याची वाढ थांबलेली असते. विश्रांती संपली की खालून नवा केस येऊ लागतो आणि जुना गळून पडतो. प्रत्येक केसाचं वेळापत्रक वेगळं असल्यामुळे सगळे एकदम गळत नाहीत. कोणत्याही दिवशी दहातला एक केस विश्रांतीत धरला, तर 1 लाखात 10 हजार केस झाले, आणि ते सुमारे 100 दिवसांत गळणार. म्हणजे रोज शंभरेक केस गळणं हा निरोगी डोक्याचाच हिशेब आहे. दोन-तीन दिवसांआड न्हाणाऱ्या बाईच्या हातात त्या दिवशी दोन-अडीचशे केस आले, तर त्यात वेगळं काही नाही.

बिघाड होतो तो शरीराला मोठा धक्का बसल्यावर. डेंग्यू, टायफॉइडसारखा जोराचा ताप, ऑपरेशन, खूप रक्तस्राव, उपासमार, जवळच्या माणसाचा मृत्यू. केसाच्या मुळातल्या पेशी शरीरातल्या सर्वांत झपाट्याने वाढणाऱ्या पेशींपैकी आहेत, आणि केसांवाचून जगता येतं. त्यामुळे संकटात शरीर तिथला खर्च आधी कमी करतं. जे केस अजून वर्षानुवर्षं वाढले असते, ते मोठ्या संख्येने एकदम विश्रांतीत जातात. त्या दिवशी डोक्यावर काहीच दिसत नाही. दोन-तीन महिन्यांनी, माणूस बरा होऊन कामाला लागलेला असताना, ते सगळे एकदम गळू लागतात. अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी 1961 मध्ये या प्रकाराला ‘टेलोजेन एफ्लुव्हियम’ असं नाव दिलं.

तासगाव-पलूसच्या द्राक्षबागायतदाराला हे समजायला वेळ लागणार नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर वेलीवर घड कमी निघाले, तर तो ऑक्टोबरच्या खतात दोष शोधत नाही. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वेलीच्या डोळ्यात, म्हणजे कळीत, सूक्ष्मघड तयार होत असताना पाणी, ऊन, अन्नद्रव्यं यांत कुठे गडबड झाली, ते तो आठवून पाहतो. केसांच्या बाबतीतही असंच कॅलेंडर मागे उलटावं लागतं.

ऑगस्ट 2019 च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी 57 फुटांच्या वर गेली होती. त्या दिवसांत ज्यांनी माळ्यावर रात्री काढल्या, ज्यांचं दुकान चिखलात गेलं, ज्यांना नंतर तापाने गाठलं, त्यांच्यापैकी कुणाचे केस ऐन दिवाळीत गळू लागले असतील, तर त्याचं कारण दिवाळीच्या उटण्यात नव्हतं, ऑगस्टमध्ये होतं. बाळंतिणीचंही तसंच. गरोदरपणात संप्रेरकांमुळे केस जास्त काळ वाढीच्या अवस्थेत राहतात, वेणी दाट होते. बाळंतपणानंतर ते सगळे एकदम विश्रांतीत जातात. बाळ आईला ओळखून हसू लागलं की आईचे केस गळतात, असं घरातल्या जुन्या बायका म्हणतात. बाळाचा यात काही हात नाही, पण त्यांनी वेळ मात्र अचूक हेरलेली आहे: तीन-चार महिने.

या विलंबामुळे आणखी एक फसगत होते. धक्का एकदाच बसलेला असेल, तर गळती साधारण सहा महिन्यांत आपोआप ओसरते. माणूस घाबरून उपाय सुरू करतो ते गळती शिगेला पोहोचल्यावर, आणि मग त्या सुमारास जे काही लावलं-खाल्लं असेल त्याला श्रेय मिळतं. शेजारणीला अमुक तेलाने गुण आला हे तिचं म्हणणं मनापासूनचं असतं. पण तेल लावलं नसतं तरी तिची गळती थांबलीच असती. बाळंतिणींना केसांच्या गोळ्या विकणाऱ्या जाहिराती पाहिल्या की मला खरोखर राग येतो, कारण त्या आपसूक होणाऱ्या गोष्टीची किंमत वसूल करतात, आणि तीही थकलेल्या, घाबरलेल्या बाईकडून. गळलेल्या केसाच्या टोकाला पांढरा ठिपका दिसला की ‘मुळासकट आला’ म्हणून अनेकींचा जीव खाली-वर होतो. तो ठिपका विश्रांती संपवून सुटलेल्या केसाचा शेवट आहे. मूळ आतच असतं.

आता आहार. खाण्याने केसांवर फरक पडतो तो शरीरात काही कमी पडत असेल तेव्हा. आपल्याकडे लोहाची कमतरता फार आढळते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. रक्तक्षय दिसायच्या आधीच शरीरातला लोहाचा साठा आटू लागतो, म्हणून नुसतं हिमोग्लोबिन पाहून भागत नाही, हा साठा दाखवणारं ‘फेरिटिन’ही तपासावं लागतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशींनुसार प्रौढ स्त्रीला रोज 29 मिलिग्रॅम लोह लागतं, पुरुषाला 19. सांगलीचा बेदाणा मला प्रिय आहे, पण मूठभर बेदाण्यातून मिळतं फार तर दीड-दोन मिलिग्रॅम. गुळाच्या खड्याचंही तेच. बाजरीची भाकरी, मटकी, हरभरा, पालेभाज्या, आळीव, आणि खाणाऱ्यांसाठी मटण-कलेजी अशा अनेक गोष्टींतून ते थोडं थोडं जमवावं लागतं. वनस्पतीतलं लोह शरीर मुळातच कमी शोषतं. त्यावर लिंबू पिळलं किंवा सोबत आवळा-पेरू खाल्ला, तर क जीवनसत्त्वामुळे शोषण वाढतं. जेवणाबरोबर चहा घेतला, तर घटतं. जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवायला एक पैसाही लागत नाही. साठा फार खाली गेला असेल, तर मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्याच घ्याव्या लागतात. आणि पुरुषात लोह कमी निघालं, तर मूळव्याध, अल्सर असं रक्त कुठून जातंय का ते आधी शोधायला हवं.

केस केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो, त्यामुळे प्रथिनं तोडून चालत नाही. त्याच शिफारशींनुसार स्त्रीला रोज साधारण 46 ग्रॅम आणि पुरुषाला 54 ग्रॅम प्रथिनं लागतात. दोन ज्वारीच्या भाकऱ्यांतून सुमारे 10 ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यांतून 7, एका अंड्यातून 6. वर वाटीभर उसळ, आमटी, दही-ताक असेल, तर आपलं साधं जेवण या आकड्यापर्यंत पोहोचतं; निव्वळ चहा-बिस्किटं आणि भातावर काढलेला दिवस पोहोचत नाही. लग्न ठरलं म्हणून जानेवारीत जेवण निम्म्यावर आणणाऱ्या मुलीचे केस एप्रिल-मेमध्ये, बरोबर लग्नाच्या तोंडावर गळतात. झपाट्याने वजन उतरवणं हा तीन महिन्यांच्या गळतीचा ठरलेला रस्ता आहे. बी-12 आणि ड जीवनसत्त्वाची कमतरताही आपल्याकडे बरीच आहे. ती तपासून भरून काढावी ती नसा, रक्त आणि हाडं यांच्यासाठी. तेवढ्याने केस दाट होतील असं मानण्याइतका भक्कम पुरावा नाही.

गोळ्यांच्या दुकानात खूप खपतं ते बायोटिन, म्हणजे ब गटातलं एक जीवनसत्त्व. प्रौढ माणसाला ते दिवसाला 30 मायक्रोग्रॅम पुरतं, आणि रोजच्या जेवणातून बहुतेकांना तेवढं मिळतं. बाजारातल्या गोळीत मात्र 5,000 किंवा 10,000 मायक्रोग्रॅम असतात. कमतरता नसलेल्या माणसाचे केस त्याने वाढतात असं सिद्ध झालेलं नाही. धोका वेगळाच आहे. जास्त बायोटिनमुळे रक्ताच्या काही तपासण्या चुकतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2017 मध्ये याबद्दल इशारा दिला होता. हृदयविकाराच्या झटक्यात पाहिलं जाणारं ट्रोपोनिन खोटं कमी दिसू शकतं, आणि थायरॉइडचा रिपोर्टही फिरतो. केस गळतात म्हणून बायोटिन सुरू केलेल्या बाईचा, केस गळण्याचं कारण शोधायला केलेला थायरॉइडचा रिपोर्टच चुकीचा यावा, हे किती वाईट! ही गोळी घेत असाल तर तपासणीच्या किमान दोन दिवस आधी बंद करा, आणि डॉक्टरांना व लॅबमध्ये तसं सांगा.

काही पोषकद्रव्यं जास्त झाली तर उलट केसच घालवतात. अ जीवनसत्त्व त्यातलं एक, सेलेनियम दुसरं. 2008 मध्ये अमेरिकेत एका द्रवरूप पूरक औषधात लेबलवर छापलेल्या प्रमाणाच्या सुमारे 200 पट सेलेनियम पडलं. 201 लोकांना विषबाधा झाली आणि त्यातल्या बऱ्याच जणांचे केस गेले. आपल्याकडे डिसेंबर 2024 च्या अखेरीपासून बुलढाण्याच्या शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांना काही दिवसांत टक्कल पडू लागलं. पहिला संशय तिथेही पाण्यावरच गेला. नंतर महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियम वाढल्याचं आणि झिंक कमी असल्याचं मांडलं, आणि रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवलं. विषबाधेत किंवा केमोथेरपीत वाढत्या मुळावरच घाव पडतो, म्हणून तिथे गळती सुरू व्हायला तीन महिने लागत नाहीत. ‘नैसर्गिक आहे, अपाय तर होणार नाही’ असं म्हणून डबेच्या डबे संपवणाऱ्यांनी शेगाव लक्षात ठेवावं.

ताणाचं काय? 2021 मध्ये हार्वर्डमधल्या या-चिए शू यांच्या प्रयोगशाळेने उंदरांवरचं एक सुंदर संशोधन ‘नेचर’ नियतकालिकात प्रसिद्ध केलं. ताणाखाली उंदरांच्या शरीरात कॉर्टिकोस्टेरॉन हे संप्रेरक वाढतं. ते केसाच्या मुळाशी असलेल्या पेशींना GAS6 नावाचं प्रथिन बनवू देत नाही, आणि तो निरोप न मिळाल्यामुळे मूळपेशी झोपलेल्याच राहतात. विश्रांतीचा काळ लांबतो. GAS6 पुरवल्यावर ताणाखालच्या उंदरांनाही केस आले. माणसात कॉर्टिसोल हे त्याच घराण्यातलं संप्रेरक आहे, पण माणसाचं केसचक्र उंदरापेक्षा बरंच वेगळं असल्यामुळे इथून थेट औषधावर उडी मारता येत नाही. प्राणायामाने केस उगवतात असं मी लिहिणार नाही. पण परीक्षेच्या वर्षात चार-पाच तासच झोपणाऱ्या मुलाला, किंवा आजारी सासऱ्यांची रात्र-रात्र सेवा करणाऱ्या सुनेला, पुरेशी झोप आणि कामाची वाटणी हाही उपचारच आहे असं मी आवर्जून सांगेन. रोज गळलेले केस मोजत बसणं सोडून द्यावं, कारण ती मोजणीच नवा ताण होऊन बसते.

या साऱ्याला एक मोठी मर्यादा आहे. पुरुषांत कपाळ मागे सरकणं आणि टाळू उघडी पडणं, बायकांत कपाळाची रेघ तशीच राहून भांग रुंदावत जाणं, हा अनुवंशाने येणारा वेगळा प्रकार आहे. पुरुषांत डीएचटी या संप्रेरकामुळे मूळ दर चक्रात आणखी बारीक होत जातं आणि अखेर नुसती लव उरते. बायकांतही मूळ असंच बारीक होतं, जरी त्यामागे संप्रेरकांचा वाटा किती हे तितकं स्पष्ट नाही. आहार आणि विश्रांतीने हे थांबत नाही. यावर उपयोगी ठरलेली औषधं आहेत: डोक्याला लावायचं मिनॉक्सिडिल, ज्याला अमेरिकेत 1988 मध्ये मान्यता मिळाली, आणि पुरुषांसाठी फिनास्टराइड, 1997 पासून. दोन्ही त्वचारोगतज्ज्ञांना विचारूनच घ्यायची; फिनास्टराइड गर्भवतीने घेऊ नये, कारण गर्भाला धोका असतो. तेला-काढ्यांत चार वर्षं घालवून आलेल्या माणसाची बारीक झालेली मुळं पूर्वपदावर आणणं फार अवघड जातं. खोबरेल तेल जरूर लावा. धुताना केसातलं प्रथिन निघून जाणं ते कमी करतं आणि केस कमी तुटतात. मुळाचं काम त्याचं नाही.

गळती थांबली तरी वेणी लगेच जाड होत नाही. महिन्याला 1 सेंटिमीटर या वेगाने खांद्यापर्यंतच्या 30 सेंटिमीटरला अडीच वर्षं लागतात. आधी कपाळाच्या कडेला बारीक केस उभे राहू लागतात. ते दिसले की समजावं, गाडी रुळावर आली. गळती सहा महिन्यांहून लांबली, पाळी अनियमित असून चेहऱ्यावर लव वाढली, किंवा वजन-थकवा यांत बदल झाला, तर थायरॉइड, पीसीओडी (अंडाशयाशी निगडित संप्रेरकांचा बिघाड) आणि फेरिटिन पाहायला हवं. गोल चकती पडली असेल तर ती चाई, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच मुळांवर केलेला हल्ला. लहान मुलात मात्र तो गजकर्णही असू शकतो, आणि त्याला पोटातून औषध लागतं. त्वचा लाल, दुखरी किंवा गुळगुळीत व्रणासारखी झाली असेल, तर त्याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञाकडे जा, कारण व्रण झालेल्या जागी मूळच नष्ट होतं आणि तिथे केस परत येत नाही.