यादीतलं तळं आणि अधिसूचनेतलं तळं

दर २ फेब्रुवारीला, जागतिक पाणथळ दिनी, माझ्या फोनवर नाशिक जिल्ह्याचा एक नकाशा येऊन पडतो. त्यावर निळे ठिपके आणि खाली एक ओळ: ‘ही सर्व पाणथळे कायद्याने संरक्षित आहेत, पुढे पाठवा.’ पाठवणारे बहुतेक ओळखीचेच, अडई आणि चक्रवाक ही बदकं लांबून ओळखणारे. नकाशा बरोबर असतो. खालची ओळ चुकीची असते, आणि तिच्या भरवशावर आम्ही काही जण एका तळ्यासाठी दोन वर्षं चुकीच्या खिडकीपुढे उभे होतो.

नांदूरमधमेश्वरचं आधी उरकून घेतो, कारण ते तुम्हाला माहीत आहे. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचा बंधारा, चापडगावचा पक्षी बघायचा मनोरा, हिवाळ्यातली गर्दी. जानेवारी २०२० मध्ये ते राज्यातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं. पण ते अभयारण्य १९८६ पासून आहे, आणि तिथला धाक १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा आहे. तेव्हा ‘आमचंही तळं रामसर करा’ अशी निवेदनं घेऊन फिरणाऱ्यांना एवढंच सांगतो: रामसर ही आंतरराष्ट्रीय मान्यता आहे, ती शेवटची पायरी. तुमच्या तळ्याच्या हद्दीची अजून मोजणी झालेली नाही.

आता मुद्द्याचं. पाणथळाची ‘नोंद’ असणं आणि पाणथळाची ‘अधिसूचना’ निघणं, यात कॉलेजात अर्ज भरणं आणि प्रवेश मिळणं एवढं अंतर आहे.

नोंद कशी झाली ते बघा. इस्रोच्या अहमदाबादच्या केंद्राने उपग्रहाच्या चित्रांवरून देशभरच्या पाणथळांचा नकाशासंग्रह तयार केला, तो २०११ मध्ये आला. प्रमाण १:५०,०००, म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर पन्नास मीटर. त्यात सव्वादोन हेक्टरपेक्षा मोठ्या जागांच्या आकृत्या काढल्या. सव्वादोन हेक्टर म्हणजे साडेपाच एकर, आणि या कागदावर तीन मिलिमीटरचा चौकोन, बाजरीच्या दाण्याएवढा. त्याहून लहान गावतळं म्हणजे नुसता ठिपका. शिवाय उपग्रहाला पाणी दिसतं, सातबारा दिसत नाही. म्हणून त्यात गंगापूर, दारणा, पालखेडचे जलाशयही आहेत आणि गोदावरीही आहे. ही मोजदाद आहे, आणि मोजदाद म्हणून उत्तम आहे.

अधिसूचना निघते ती २०१७ च्या पाणथळ नियमांखाली, जे १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्यातून आले. त्यासाठी प्रत्येक तळ्याचा एक संक्षिप्त दस्तऐवज लागतो. जागेवर जाऊन पडताळलेली हद्द, अक्षांश-रेखांशासह. ज्या भागातून पाणी येतं त्याचं प्रभावक्षेत्र. तळ्यावर आधीपासून कोणाचे कोणते हक्क आहेत: मासेमारी, गुरांचं पाणी, पाणी ओसरल्यावरची गाळपेर. काय चालेल, काय मर्यादेत चालेल. राज्य पाणथळ प्राधिकरणाने शिफारस केली की हरकती ऐकून घेऊन २४० दिवसांच्या आत राजपत्रात अधिसूचना काढायची. ती निघाली की भराव, अतिक्रमण, कचरा, प्रक्रिया न केलेलं सांडपाणी यांना बंदी. नियम लागू होण्याआधीच्या दहा वर्षांतल्या सरासरी उच्च पूरपातळीपासून पन्नास मीटरच्या आत, बोटींचा धक्का सोडला तर, पक्कं बांधकाम नाही.

एवढ्या सगळ्यातला एकच शब्द लक्षात ठेवायचा असेल तर ‘हद्द’ ठेवा. का ते आम्हाला सिन्नरच्या बाजूच्या एका तळ्यावर कळलं.

रात्री डंपर येऊन राडारोडा टाकून जात होते. पाणकणसाचा निम्मा पट्टा गाडला गेला होता. आम्ही तक्रार केली, जोडीला नकाशासंग्रहाची छापील प्रत. पाहणीला आलेले साहेब भले होते. त्यांनी तो निळा आकार बघितला आणि विचारलं, ‘याची कड कुठल्या गटातून जाते?’ आम्ही फोनवर तो आकार हवाई चित्रावर ठेवून मोठा केला. एका बाजूला त्याची कड डांबरी रस्त्यावर चढली होती, दुसऱ्या बाजूला कांद्याच्या वावरात शिरली होती. वावराचा मालक तिथेच उभा होता. तो म्हणाला, ‘भाऊ, माझा कांदा पण पाणथळ का?’ सगळे हसले, मीही हसलो. पण जिथे राडारोडा पडला होता ती जागा तळ्यात आहे की तळ्याबाहेर, हे त्या कागदावरून कोणालाही सांगता येईना. भर मे महिना होता. पंचनाम्यात वाक्य पडलं: ‘पाहणीवेळी पाणी आढळले नाही.’

(हे वाक्य वाचून घाबरून जाऊ नका. पाणी कायमचं असो की हंगामी, नियमांच्या व्याख्येत दोन्ही बसतं. पण ते तिथल्या तिथे सांगायला आपल्याला माहीत असावं लागतं. मला त्या दिवशी माहीत नव्हतं.)

मग यादीला काहीच अर्थ नाही का? आहे, आणि इथेच जाणकारही घसरतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये नकाशासंग्रहातल्या सव्वादोन हेक्टरवरच्या २,०१,५०३ पाणथळांना २०१० च्या नियमांमधल्या नियम ४ च्या (पाणथळात काय करायचं नाही ते सांगणाऱ्या) तत्त्वांचं संरक्षण दिलं. म्हणजे मोठ्या तळ्यांना कवच आहे, अधिसूचना नसतानाही. अर्जात हा आदेश जरूर लिहा. पण कवच न्यायालयाचं आहे, आणि त्याचा उपयोग करायला गेलात की पुन्हा तोच प्रश्न येतो: कड कुठे? डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयानेच राज्यांना जागेवर जाऊन पडताळणी आणि हद्दनिश्चिती करायला सांगितलं. तोवर यादी वाढून २,३१,१९५ वर गेली होती. साडेपाच एकरांहून लहान तळ्यांना तर हे कवचही नाही.

दुसरा गोंधळ लहान आहे, पण नाशिकचा खास आहे. ‘नासर्डीला पाणथळ घोषित करा’, ‘वाघाडीला पाणथळ घोषित करा’ अशी इथल्या नदी-ओढ्यांसाठीची पत्रं मी पाहिली आहेत. २०१७ च्या नियमांनी नदीपात्र व्याख्येतूनच वगळलं आहे. भातखाचरं आणि पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलाशयही वगळले आहेत. म्हणजे संग्रहाच्या नकाशावर जिल्ह्यातले जे सगळ्यात ठसठशीत निळे आकार, तेच नेमके बाहेर. नदी-ओढ्यांसाठी दार वेगळं आहे, आणि माझ्या मते ते जास्त मजबूत आहे: १९७४ चा जलप्रदूषण कायदा. त्यात प्रवाहाची व्याख्या करताना वाहता किंवा ‘सध्या कोरडा’ असा दोन्ही प्रकारचा ओहोळ धरला आहे. मे महिन्यात वाघाडीत पाणी नसलं तरी ती कायद्याने प्रवाहच. पात्रात बांधकाम होत असेल तर पूररेषेचा नकाशा मागा. त्यावरच्या निळ्या, म्हणजे आतल्या पूररेषेच्या आत बांधकामाला मनाई असते. वाहत्या पाण्यासाठी पाणथळ प्राधिकरणाकडे जाणं म्हणजे विजेच्या बिलाची तक्रार टपाल कचेरीत नेणं.

आणि कृपा करून ‘सुशोभीकरण’ मागू नका. कडेने दगडी पिचिंग, फरशी, दिवे आणि मध्ये कारंजं झालं की टिटवीला अंडी घालायला जागा उरत नाही. मानवी साखळी आणि ऑनलाइन सह्यांनाही माझा विरोध नाही, पण पाच हजार सह्यांच्या गठ्ठ्यापेक्षा गट क्रमांक असलेला एक कागद कचेरीत जास्त वाचला जातो, हे मी स्वतः बघितलं आहे.

अधिसूचनेसाठीचा आमचा नवा अर्ज अडीच पानांचा आहे. एका जागी उभं राहून काढलेले दोन फोटो, एक सप्टेंबरचा, एक मेचा. गटनिहाय हद्द, गावातल्या दोन म्हाताऱ्यांनी काठीने दाखवलेली, १९६९ च्या पुरात पाणी कुठवर आलं होतं तिथपर्यंत. हक्कांच्या तक्त्यात त्या कांदावाल्याची पाणी उपसायची मोटारही लिहिली आहे. आम्ही कागद वाचायला दिला तेव्हा सही करण्याआधी त्याने दोन दुरुस्त्या सांगितल्या. मोटार पाचची नाही, तीनची आहे. आणि आम्ही खूण म्हणून धरलेली बाभूळ त्याच्या बांधावर आहे, तळ्याची कड तिच्या चार पावलं खाली. आम्ही जाऊन पावलं मोजली. साडेचार भरली.